फॉरमॅट मारण्याआधी

"ताई, लॅपटॉप लय स्लो झालाय ओ. फॉरमॅट मारून द्या."

कराडमधल्या माझ्या दुकानात लॅपटॉप काउंटरवर ठेवताना बहुतेक माणसं हेच बोलतात. तक्रार नीट सांगायच्या आधीच इलाज ठरलेला असतो. फॉरमॅट मारणं म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकणं. विंडोज बिघडलं असेल, व्हायरस शिरला असेल, नको ते प्रोग्रॅम साचले असतील, तर त्याचा उपयोग होतो. पण पंख्यात कचरा अडकला असेल, चार्जर ओळखला जात नसेल किंवा डिस्कच शेवटच्या घटका मोजत असेल, तर फॉरमॅटनं काहीही सुधारत नाही. घरातले फोटो आणि हिशेबाच्या फाइली मात्र जातात. या धंद्यात मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते याचंच. म्हणून लॅपटॉप मंदावतो किंवा सुरू व्हायलाच तयार नसतो, तेव्हा आत नेमकं काय चाललेलं असतं ते जरा सविस्तर सांगते.

माझा पहिला प्रश्न असतो: सावकाश मंदावत गेला, की अचानक? या एका उत्तरानं निम्मा तपास होतो. वर्षभरात थोडा थोडा मंदावलेला लॅपटॉप आणि सोमवारी धावत होता तो मंगळवारी रांगायला लागलेला लॅपटॉप, यांचे बिघाड सहसा वेगळे असतात.

पाटणकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एक मॅडम युडायस प्लस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरायच्या दिवसांत आल्या. विद्यार्थ्यांची, शिक्षकांची, वर्गखोल्यांची सगळी माहिती त्या पोर्टलवर मुदतीत भरावी लागते आणि मुदत जवळ आली होती. त्यांचा लॅपटॉप अचानक मंदावला होता. टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायची वाट पाहावी लागत होती. आधी एका दुकानात फॉरमॅट मारून झालं होतं. फरक पडला नाही तेव्हा "मदरबोर्ड गेलाय, नवाच घ्या" असं त्यांना सांगण्यात आलं होतं. नवा लॅपटॉप म्हणजे शिक्षकाच्या घरातसुद्धा विचार करूनच करायचा खर्च.

मी त्यांच्यासमोरच टास्क मॅनेजर उघडला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की तो उघडतो. हे तुम्हीही घरी करू शकता. त्यातल्या परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू निवडलं की खाली स्पीड नावाचा आकडा दिसतो. मॅडमच्या लॅपटॉपवर तो होता ०.३९ गिगाहर्ट्झ. मी ब्राउझरच्या बऱ्याच खिडक्या उघडल्या, एक व्हिडिओ लावला. सीपीयूचा वापर १०० टक्क्यांवर गेला, पण स्पीड ०.३९ वरून हलेना.

त्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा आठव्या पिढीचा आय५-८२५०यू हा प्रोसेसर होता. त्याचा नेहमीचा वेग १.६ गिगाहर्ट्झ आणि काम पडलं तर ३.४ पर्यंत जायची त्याची ताकद. प्रोसेसरचं सगळं काम एका ठोक्यावर चालतं. मूळ ठोका सेकंदाला १० कोटी वेळा पडतो आणि प्रोसेसर त्याला एका गुणकानं गुणून आपला वेग ठरवतो. गुणक १६ असेल तर १.६ गिगाहर्ट्झ, ३४ असेल तर ३.४. लॅपटॉप नुसता उघडा असेल तेव्हा वीज वाचवायला हा गुणक आपोआप खाली येतो, त्यामुळे रिकाम्या वेळी आकडा कमी दिसला तर घाबरू नका. काम पडल्यावर तो चढला पाहिजे. ०.३९ म्हणजे गुणक चारवर अडकलेला, म्हणजे त्या प्रोसेसरचा तळ. विंडोज कितीदाही नव्यानं टाकलं असतं तरी हा आकडा बदलला नसता, कारण सावकाश चालायचा हुकूम विंडोजकडून आलेलाच नव्हता.

तो कुठून येतो? प्रोसेसरच्या शेकडो जोडण्यांमध्ये एक आहे, तिला प्रोकहॉट म्हणतात. प्रोसेसर मर्यादेबाहेर तापला की या जोडणीवर इशारा उमटतो आणि वेग खाली येतो. पण ही वाट दोन्ही बाजूंनी चालते. बोर्डावरचे वीज पुरवणारे भाग तापले, बॅटरीत काही बिनसलं किंवा चार्जरचा भरवसा वाटेना, तर बोर्डसुद्धा बाहेरून तोच इशारा देऊ शकतो. प्रोसेसर कारण विचारत नाही. इशारा आहे तोवर तो तळाच्या वेगानं चालत राहतो, मग तो स्वतः थंडगार असला तरी.

मॅडमचा प्रोसेसर थंडच होता. मी त्यांचा चार्जर काढून माझ्या टेबलावरचा, त्याच जातीचा आणि तेवढ्याच वॅटचा चार्जर लावला. काही सेकंदांत आकडा तीनच्या पुढे गेला. त्यांच्या चार्जरचं टोक भिंगाखाली धरून दाखवलं: मधोमध असणारी बारीक पिन तुटलेली होती. बरेच लॅपटॉप या पिनेतून चार्जरला विचारतात, तू किती वॅटचा? चार्जरमधली एक छोटी चिप उत्तर देते. साधा ६५ वॅटचा चार्जर १९.५ व्होल्टला ३.३४ अँपिअर देतो. उत्तर आलंच नाही, तर लॅपटॉपला कळायला मार्ग नसतो की समोर ६५ वॅटचा चार्जर आहे की ४५ चा की त्याहून लहान. जास्त वीज ओढली तर लहान चार्जर तापेल, जळेल. म्हणून लॅपटॉप बॅटरी भरायचं थांबवतो आणि प्रोसेसरला तळाशी बसवतो. हे त्याचं शहाणपणच आहे. नवा चार्जर आला, मॅडमचा लॅपटॉप पूर्वीसारखा चालू लागला आणि माहिती मुदतीत भरली गेली. मदरबोर्ड जागच्या जागी ठीक होता.

चार्जर लावल्यावर लॅपटॉप मंद आणि काढल्यावर बॅटरीवर चपळ, असं दिसलं तर संशय आधी चार्जरवर घ्या. बाजारात मिळणाऱ्या कॉपी चार्जरमध्ये ती ओळख सांगणारी चिप कधी नसतेच, कधी खोटं सांगते. टाइप-सीच्या लॅपटॉपला फोनचा चार्जर लावला तरी प्रकार तोच. तिथेही लॅपटॉप आणि चार्जर आपसांत बोलून ठरवतात. ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर २० व्होल्टला ३.२५ अँपिअर देतो, बहुतेक फोनचे चार्जर त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत.

इथे एक सावधगिरी. थ्रॉटलस्टॉप नावाचा एक फुकट प्रोग्रॅम मिळतो. त्यात बीडी प्रोकहॉटसमोरची खूण काढली की बाहेरून आलेला इशारा प्रोसेसर मानत नाही आणि लॅपटॉप लगेच धावतो. कॉलेजची मुलं हे व्हिडिओ पाहून करतात. खोटा इशारा कुठून येतोय ते शोधायला मीही तो प्रोग्रॅम वापरते. पण तीच कायमची दुरुस्ती समजू नका. इशारा फुगलेल्या बॅटरीमुळे किंवा तापलेल्या वीजपुरवठ्यामुळे येत असेल, तर तुम्ही फक्त तो ऐकायचं बंद केलेलं असतं. टचपॅड वर उचललेला दिसला, झाकण नीट बसेना, खालचा पत्रा फुगलेला वाटला, तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि तडक दुकान गाठा. फुगलेली लिथियमची बॅटरी दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही.

आता खऱ्या उष्णतेबद्दल. चढावर उसाची गाडी ओढणारा बैल पाऊल आखूड करतो, थांबत नाही. तापलेला प्रोसेसर तेच करतो. पूर्वीच्या प्रोसेसरना हे जमायचं नाही. सप्टेंबर २००१ मध्ये 'टॉम्स हार्डवेअर'नं एक चाचणी करून तिचं चित्रीकरण लोकांसमोर ठेवलं होतं. संगणकावर गेम चालू असताना प्रोसेसरवरचा उष्णता शोषणारा धातूचा ठोकळाच उचलून घेतला. पेंटियम ३ जागच्या जागी गोठला, पण वाचला. एएमडीचे त्या वेळचे ॲथलॉन धूर काढून कायमचे गेले. पेंटियम ४ मात्र मंदावला, गेम अडखळत चालू राहिला, आणि ठोकळा परत ठेवल्यावर वेग परतला. हे चित्रीकरण मी शिकायला येणाऱ्या मुलांना आवर्जून दाखवते, कारण मंदावणं हा बिघाड नसून बचाव आहे हे त्यात डोळ्यांनी दिसतं.

प्रोसेसरची उष्णता वेगाबरोबर वाढतेच, पण व्होल्टेजच्या वर्गानं वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणून थोड्या वेगासाठी बरीच उष्णता मोजावी लागते. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणायचा बेत इंटेलनं ऑक्टोबर २००४ मध्ये सोडून दिला, त्यामागे उष्णतेचा मोठा वाटा होता. तेव्हापासून जोर एकाच प्रोसेसरमध्ये अनेक कोअर बसवण्यावर गेला. लॅपटॉपमध्ये तर जागाच बोटभर. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी, तिला जोडलेली आतून पोकळ तांब्याची नळी, नळीतलं थोडंसं द्रव उष्णतेनं वाफ होऊन दुसऱ्या टोकाला जातं, तिथे बारीक पात्यांमधून पंख्याची हवा वाहते आणि ते पुन्हा द्रव होऊन परततं. ही सगळी यंत्रणा एका जागी हमखास तुंबते: पंखा आणि ती पाती यांच्या मधल्या फटीत.

आमच्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काळी काजळी ओट्यावर, खिडकीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. तीच लॅपटॉपच्या पंख्यात शिरते. गादीवर, गोधडीवर लॅपटॉप ठेवून काम करायची सवय असेल तर कापडाचे तंतूही आत जातात, आणि खालची हवा आत घ्यायची जाळी झाकली जाते ते वेगळंच. काजळी आणि तंतू मिळून पात्यांच्या तोंडावर घट्ट पट्टी तयार होते. बाहेरून फुंकर मारून ती निघत नाही, उलट आत सरकते. खालचं झाकण उघडायचं, पंखा सोडवायचा, पट्टी चिमट्यानं ओढून काढायची. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवायची, नाहीतर तो नको तेवढा गरगरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. प्रोसेसर आणि तांब्याच्या पट्टीमधली थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळून तडकते; ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावायची, पातळ थर पुरे. हे काम करायला फार वेळ लागत नाही. असा साफ केलेला लॅपटॉप बघून लोकांना नवा घेतल्याचा आनंद होतो, तो मला फार आवडतो.

उष्णता आहे की नाही ते बघायला एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम पुरतो. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. काम सुरू केल्याबरोबर तापमान काही सेकंदांत तिथे जाऊन चिकटत असेल आणि वेग खाली येत असेल, तर झाकण उघडायची वेळ झाली आहे. तापमान ५०-६० वर आहे आणि तरीही वेग तळाशी, तर गोष्ट मॅडमच्या लॅपटॉपसारखी. कधी कधी कारण त्याहून साधं असतं: पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा कुणीतरी ५० टक्क्यांवर नेऊन ठेवलेली असते. ती ९९ वर असली तरी टर्बो, म्हणजे नेहमीच्या वेगापुढची धाव, बंद पडतो. हे तपासायला पैसे पडत नाहीत.

आणि पुष्कळदा प्रोसेसर निर्दोष असतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू दहा-बारा टक्क्यांवर आणि डिस्क १०० टक्क्यांवर दिसली, तर अडचण हार्ड डिस्कची. जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असते. एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी आणि सुई सरकायला वेगळा वेळ. विंडोज सुरू होताना डिस्कभर विखुरलेल्या हजारो लहान फाइली वाचतं. हा एकेक थांबा मिळूनच ती चहा होऊन थंड होईपर्यंतची वाट बघणं तयार होतं. एसएसडीमध्ये फिरायला काही नाही, त्यामुळे तीच फाइल तिथे बघता बघता हाती येते. फिरती डिस्क असलेल्या कुठल्याही लॅपटॉपमध्ये पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर ते एसएसडीत घालावेत, हे माझं ठाम मत आहे. ४ जीबी रॅम असेल तर त्यानंतर रॅम. प्रोसेसर जुना आहे म्हणून लॅपटॉप टाकून देणं सगळ्यांत शेवटी.

सुरू न होण्याची तक्रार वेगळी. "चालूच होईना" या दोन शब्दांत निदान पाच निरनिराळे बिघाड लपलेले असतात, म्हणून मी विचारते: नेमका कुठपर्यंत येतो?

दिवाही लागत नसेल तर वीज आत पोचतेय का तेच बघायचं: सॉकेट, चार्जर, लॅपटॉपचा जॅक, याच क्रमानं. दिवा लागतो, पंखा फिरतो आणि पडदा काळाच, तेव्हा संशय रॅमवर. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा, कण झटकून पुसायचे आणि पट्टी खट आवाज येईपर्यंत बसवायची, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती खरोखर चालते, कारण दातांवर बसलेला मळाचा थर जोडणी तोडतो. अशा वेळी कॅप्स लॉकचा किंवा चार्जिंगचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर ते मोजून लिहून ठेवा. लॅपटॉप त्यातून कुठला भाग नापास झाला ते सांगत असतो. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी, पण मॉडेलच्या पुस्तिकेत तिचा अर्थ दिलेला असतो.

काहीच कळेनासं झालं तर घरी करता येण्याजोगा एक उपाय आहे. चार्जर काढायचा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढायची आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरायचं. मग फक्त चार्जर लावून सुरू करायचं. लॅपटॉपमध्ये प्रोसेसरखेरीज एक छोटा नियंत्रक सदैव जागा असतो. पॉवरचं बटण, बॅटरी, पंखा यांच्यावर त्याचं लक्ष असतं. तो अडकला की सगळंच अडकतं, आणि उरलीसुरली वीज पूर्ण निघून गेल्याशिवाय तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही.

कंपनीचं चिन्ह येऊन तिथेच थांबत असेल, तर आधी यूएसबीला लावलेलं सगळं काढा. विसरलेल्या पेनड्राइव्हनं अडवलेले लॅपटॉप मी कितीतरी पाहिले आहेत. बूट होण्याजोगी डिस्कच नाही असा संदेश आला, तर डिस्क बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, दिसते का ते बघायचं. दिसत नसेल तर फॉरमॅटचा प्रश्नच उरत नाही. घड्याळ दर वेळी मागच्या कुठल्यातरी तारखेला जात असेल, तर बोर्डावरची ३ व्होल्टची गोल बटणबॅटरी संपली आहे. बरेच लोक हे मोठं दुखणं समजतात आणि निघतं ते किरकोळ.

चिन्हाच्या पुढे जाऊन ठिपके गोल गोल फिरत राहणं, मग ऑटोमॅटिक रिपेअर, मग पुन्हा ठिपके, हा प्रकार सगळ्यांत फसवा. एका गावच्या दूध संकलन केंद्राचा लॅपटॉप असाच आला. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या दुधाचं माप, फॅट, एसएनएफ त्यात नोंदलं जायचं आणि दहा दिवसांनी त्यावरून बिलं निघायची. दूध घालायला रांग लागलेली आणि लॅपटॉप उठेना. केंद्रचालक भाऊ म्हणाले, "ताई, विंडोज उडालंय, टाकून द्या बिगीनं. उद्या सकाळी पाहिजे." मी म्हणाले, "भाऊ, आधी डिस्क बघू द्या."

डिस्क काढून माझ्या संगणकाला जोडली आणि क्रिस्टलडिस्कइन्फोवर तिची प्रकृती पाहिली. प्रत्येक डिस्क स्वतःच्या चुकांची नोंद ठेवते. त्यातल्या सी५ या ओळीत वाचता न येणारे, निकालात निघायचे राहिलेले सेक्टर मोजलेले असतात. तिथे शून्य हवं. तिथे शून्य नव्हतं, आणि डिस्क जोडलेली असताना आकडा वाढत होता. विंडोजच्या फाइली बिघडलेल्या होत्या हे खरं, पण त्या बिघडल्या होत्या डिस्क मरत होती म्हणून. अशा डिस्कवर दुरुस्तीची आज्ञा चालवणं किंवा फॉरमॅट मारणं म्हणजे उरलेलं आयुष्य नको त्या कामात घालवणं. आधी प्रत काढायची. लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे. तो चांगला भाग आधी उचलतो, खराब जागांची नोंद ठेवून पुढे जातो आणि शेवटी परत येऊन त्या जागा पुन्हा वाचून पाहतो. रात्रभर तो चालवला. नोंदींची फाइल पूर्ण निघाली. ती नव्या एसएसडीवर ठेवून त्यांचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं आणि बिलं वेळेवर निघाली. डिस्क मरायला लागली आहे हे खरं तर त्याआधीच दिसलं असतं: लॅपटॉप मधूनच गोठायचा आणि डिस्कमधून टिकटिक यायची, असं भाऊंनी नंतर सांगितलं. ती टिकटिक ऐकू आली की त्याच क्षणी प्रत काढायला घ्यायची.

विंडोज येतं पण वापरता येत नाही, माउस अडखळतो, तेव्हा टास्क मॅनेजरचं स्टार्टअपचं पान उघडा. सुरुवातीलाच जागे होणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात. ओळखीचे नि नकोसे आहेत ते डिसेबल करा, अँटीव्हायरस राहू द्या. दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. २०१२ च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा मिटत नाही. त्याची अवस्था एका फाइलमध्ये लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे रोज रात्री बंद होणाऱ्या लॅपटॉपच्या टास्क मॅनेजरमध्ये अप टाइम कित्येक दिवसांचा दिसतो आणि आत साचलेला गोंधळ तसाच पुढे येतो. पूर्ण मिटवायचं असेल तर रीस्टार्ट करा, किंवा शिफ्टचं बटण धरून शट डाउन निवडा. फोनवर तक्रार सांगणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एवढं करायला लावते. पुष्कळांना दुकानात यावंच लागत नाही.

१९ जुलै २०२४ ला जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच वेळी सुरू व्हायचे थांबले, ते आठवत असेल. भारतातल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कारण होतं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेली एक सदोष फाइल. सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढली की संगणक उठायचा. एकही डिस्क पुसायची गरज नव्हती. पण ज्या संगणकांची डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद होती, तिथे आधी रिकव्हरी की द्यावी लागली. ४८ आकड्यांची ही किल्ली आता तुमच्या-माझ्या घरातलाही विषय आहे. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं नव्यानं बसवली की बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते. पुढे कधी बायोस अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला, तर लॅपटॉप ती किल्ली मागतो. नसेल तर डिस्क चांगली असूनही आतलं काहीच हाती लागत नाही. मीही काही करू शकत नाही, दुसरं कुणीही नाही. ही किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप नीट चालत असताना ती कागदावर लिहून घ्या.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून सातव्या पिढीपर्यंतचे चांगले चालणारे लॅपटॉप लोक भंगाराच्या भावानं विकताहेत. विकण्याआधी एसएसडी टाकून त्यावर लिनक्स मिंट बसवून बघा. ब्राउझर, पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, इनस्क्रिप्टनं मराठी टायपिंग हे सगळं त्यात होतं आणि मुलांच्या अभ्यासाला तो लॅपटॉप अजून बरीच वर्षं पुरतो.

दुकानात द्याल तेव्हा लक्षणं सांगा: कधीपासून, चार्जरवर की बॅटरीवर, कुठपर्यंत येऊन थांबतो. बदललेला जुना भाग परत मागा. तो तुमचा आहे. आणि लॅपटॉप आज ठणठणीत असेल तरी फोटो, दाखले आणि हिशेब यांची एक प्रत आजच बाहेरच्या डिस्कवर काढा. ती डिस्क लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, कपाटात ठेवा.